नीतीचे मूळ आणि नीतीचे फळ

केंद्र सरकारच्या नोकरीत रुजू होताना प्रत्येकाला राज्यघटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागते. तिच्या छापील मसुद्यात दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. एक ईश्वराला साक्ष ठेवून शपथ घेण्याचा, दुसरा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याचा. नको असेल तो पर्याय खोडावयाचा, खाली सही करावयाची. कागद फायलीस लागतो आणि आपण आपल्या मेजाशी जाऊन बसतो. कोणी कोणता शब्द खोडला याची चौकशी वरिष्ठ करीत नाहीत, सहकारीही करीत नाहीत. परंतु त्या एका रेघेखाली मानवी विचाराच्या इतिहासातील एक फार जुना वाद झाकलेला आहे. माणसाने सत्याने वागावे, दुर्बलांस छळू नये, दिलेला शब्द पाळावा, हे बंधन येते कोठून? ते ईश्वराच्या आज्ञेतून येते, की माणसाच्या स्वतःच्या विवेकातून? ईश्वर वजा केला तर नीती शिल्लक राहते काय?

प्लेटोच्या ग्रीक संवादांत सॉक्रेटिसाने हा प्रश्न विचारून ठेवला आहे आणि युरोपातील तत्त्वज्ञांनी त्यावर शतकानुशतके खल केला आहे. महाराष्ट्रात मात्र तो ग्रंथांतून न येता जिवंत माणसांच्या रूपाने आला. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्म आणि युरोपातील निरीश्वर तत्त्वज्ञान ही दोन्ही एकाच वेळी, बहुधा एकाच जहाजातून, आपल्या किनाऱ्यास लागली. एका पेटीत बायबल होते, दुसरीत टॉमस पेन आणि मिल. त्यांच्या संघर्षात मराठी मनाने जे भोगले आणि जे कमावले, त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभीचा वाद नीतीचा नव्हता, ग्रंथांचा होता. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर या शास्त्र्यांशी त्यांचा जाहीर वाद झाला. या वादांत एक पक्ष पुराणांतील कथा काढी, दुसरा बायबलातील कथा काढी. तुमचा देव असे कसे वागला, मग तुमचा तरी असे कसे वागला, हीच या सामन्याची रीत होती. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या मुलाला मिशनऱ्यांकडून परत आणून बाळशास्त्री जांभेकरांनी त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत घेण्याची खटपट केली, तेव्हाही प्रश्न जातीचा आणि पंक्तीचा होता. ग्रंथांच्या पलीकडे जाऊन 'मनुष्याला चांगले का वागावे लागते' असे विचारणारी माणसे पुढच्या पिढीत झाली. त्यांपैकी तिघांची नावे मला विशेष महत्त्वाची वाटतात: नीळकंठशास्त्री गोऱ्हे, गोपाळ गणेश आगरकर आणि पंडिता रमाबाई.

नीळकंठशास्त्र्यांची कथा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांस अधिक जवळची वाटावी. १८२५ साली झाशीजवळच्या एका खेड्यात चित्पावन कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि काशीत ते न्याय, व्याकरण शिकून मोठे झाले. मिशनऱ्यांचे खंडन करावे या हेतूने त्यांनी बायबल उघडले. खंडन करता करता ते स्वतःच जिंकले गेले, आणि १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव स्वीकारले. पुढे 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ लिहून त्यांनी भारतीय दर्शनांची कठोर तपासणी केली. १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले.

या गोऱ्ह्यांचा पंजाबशी एक विलक्षण संबंध आहे. शीख राज्याचे शेवटचे महाराज दुलीपसिंग यांचे राज्य १८४९ साली खालसा झाले, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. इंग्रज पालकांच्या देखरेखीखाली वाढत असताना १८५३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १८५४ मध्ये ते विलायतेस निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर शिक्षक म्हणून नीळकंठशास्त्री होते. एकाच जहाजावर दोन धर्मांतरित! एकाने आप्तेष्ट, प्रतिष्ठा आणि काशीची विद्वत्सभा यांचा त्याग करून धर्म बदललेला. दुसऱ्याचे राज्य, आई आणि बालपण आधीच हिरावले गेलेले, आणि मग धर्मही बदललेला. दुलीपसिंगांनी १८८६ साली पुन्हा शीख धर्माचा स्वीकार केला. श्रद्धा स्वतंत्र मनाने घेतली की सत्तेच्या छायेत घेतली, यावर तिचे नैतिक मोल अवलंबून असते, हे या दोन जीवनांवरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्यानाने होणार नाही. विलायतेत पोहोचल्यावर गोऱ्ह्यांची तरी कोणती स्थिती झाली? माक्स म्युलर यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की लंडनचे जीवन पाहून हा पंडित खिन्न झाला होता. आपण जो ख्रिस्ती धर्म ग्रंथांत वाचला तो येथे कोठे दिसतो, हा प्रश्न त्यास छळीत होता.

तरीही गोऱ्ह्यांनी आपली भूमिका सोडली नाही. १८६७ साली मुंबईत प्रार्थनासमाज स्थापन झाला; बंगालात ब्राह्मसमाज होताच. एक दयाळू, पवित्र ईश्वर आहे, तो सर्वांचा पिता आहे, मूर्तीची व ग्रंथप्रामाण्याची गरज नाही, हे सारे आम्हांस बुद्धीने कळते, असे या समाजांचे म्हणणे. गोऱ्ह्यांनी त्यांस एक अवघड प्रश्न केला. हे तुम्हांस बुद्धीने कळते म्हणता, तर मग आपल्या थोर नैयायिकांस आणि वेदान्त्यांस हजारो वर्षे ते याच रूपात का कळले नाही? त्यांची बुद्धी काय कमी होती? तुम्ही ज्यास बुद्धी म्हणता, ते ख्रिस्ती उपदेशातून तुमच्याकडे आलेले उसने धन आहे. मूळ मालकाचे नाव मात्र तुम्ही खोडून टाकले आहे!

हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. आज जे स्वतःस निधर्मी म्हणवितात त्यांनाही तो लागू पडतो. सर्व माणसे समान आहेत, पतितासही उद्धाराचा हक्क आहे, दुर्बलाची सेवा हे बलवानाचे कर्तव्य आहे, या कल्पना निव्वळ तर्काने सिद्ध करून दाखवा म्हटले तर भले भले अडखळतात.

परंतु या आक्षेपास उत्तर आहे. एखादा विचार कोणाकडून आला, हा एक प्रश्न. तो खरा आहे की नाही, हा दुसरा. शून्याची कल्पना भारतात वाढली म्हणून युरोपातील गणित उसने किंवा खोटे ठरत नाही. शिवाय ईश्वरी ग्रंथ हाती असला तरी त्याचा अर्थ कोणी लावावयाचा? अमेरिकेत गुलामगिरी मोडण्यासाठी झगडणारे बायबलाचा आधार घेत, आणि दक्षिणेकडील मळेवाल्यांचे धर्मोपदेशकही त्याच बायबलाच्या आधारे गुलामगिरीचे समर्थन करीत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या लोकांस अर्पण केला, ते लोक केवळ बायबल वाचणारे नव्हते. बायबलाचा योग्य अर्थ निवडणारे होते. ती निवड करणारी शक्ती ग्रंथात नसते, वाचणाऱ्याच्या सदसद्विवेकात असते. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिशनऱ्यांविषयी त्यांस आदर होता आणि टॉमस पेनचा ग्रंथही त्यांनी वाचला होता. परंतु ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एक कुटुंब कल्पिले आहे, ज्यात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी, आणि सर्वजण एका घरात प्रेमाने नांदत आहेत. नीतीचे मूळ प्रत्येकाचे निराळे असू शकते, घर मात्र एकच असू शकते, असा हा विचार आहे.

गोऱ्ह्यांच्या नेमके उलट टोक म्हणजे आगरकर. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी दरिद्री घरात जन्मलेला हा मुलगा एम. ए. झाला, आणि मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून शिक्षक झाला. मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांवर त्यांचे मन पोसलेले होते. देवतांची कल्पना माणसाच्या भीतीतून व अज्ञानातून कशी उपजली असावी, याचा ऊहापोह त्यांनी मराठीत निर्भयपणे केला. त्यांच्या मते नीतीचे नियम आकाशातून पडत नाहीत. माणसे एकत्र राहतात, कशाने दुःख वाढते आणि कशाने सुख वाढते हे अनुभवाने शिकतात, आणि त्या अनुभवाचे सार म्हणजे नीती होय. म्हणूनच जी रूढी निष्कारण दुःख देते, तिला शास्त्राचा आधार असो वा नसो, ती अनीतीच ठरते. बालविधवेचे केशवपन करण्यास कोणता ग्रंथ अनुकूल आहे, हा शोध आगरकरांच्या दृष्टीने व्यर्थ होता. त्या मुलीस काय वाटते, एवढाच प्रश्न त्यांस पुरेसा होता.

आस्तिकांचा नेहमीचा आक्षेप असा की, ज्यास परलोकाची आशा नाही तो इहलोकी त्याग का करील? आगरकरांनी या प्रश्नास आपल्या आयुष्याने उत्तर दिले. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' पत्र काढले. पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. दम्याने जर्जर झालेल्या शरीराने ते लिहीत राहिले आणि १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, वारले. स्वर्गाचा लोभ नाही, नरकाची भीती नाही, पुनर्जन्मात फेड होईल असा हिशेबही नाही. तरीही कर्तव्य करावयाचे ते करावयाचेच. याउलट ज्यांची ईश्वरावर निस्सीम श्रद्धा होती अशा न्यायमूर्ती रानड्यांनी १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहाप्रकरणी पुढे प्रायश्चित्त घेतले. रानड्यांस त्याबद्दल दोष देणे सोपे आहे. कुटुंब आणि समाज यांना धरून चालण्याची त्यांची दृष्टी होती. परंतु श्रद्धा असली म्हणजे धैर्य येतेच आणि ती नसली म्हणजे धैर्य जातेच, हे समीकरण पुण्यातच खोटे ठरले, एवढे निश्चित.

१८९५ हेच वर्ष नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांच्याही मृत्यूचे. एकाने बुद्धीस अपुरी मानून ईश्वरी वचनाचा आश्रय केला, दुसऱ्याने ईश्वरी वचन अनावश्यक मानून बुद्धीचा आश्रय केला. दोघांनीही आपापल्या निष्ठेपायी आप्तस्वकीयांचा रोष पत्करला, आणि दोघेही सुखासीन जीवनास मुकले.

आता रमाबाई. या दोन टोकांच्या मध्ये त्या उभ्या होत्या असे म्हणणे चुकीचे होईल, कारण त्या उभ्या कधीच राहिल्या नाहीत. सतत चालत राहिल्या. १८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पोटी जन्म, तीर्थयात्रेत बालपण, दुष्काळात आईबाप आणि बहीण यांचा मृत्यू, आणि १८७८ साली कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्या वेळी उभयतांची कोणत्याच प्रस्थापित धर्मावर श्रद्धा नव्हती, असे त्यांनी स्वतः पुढे लिहिले आहे. म्हणजे निधर्मी भूमिकाही त्यांनी काही काळ अनुभविली होती. दोन वर्षांच्या आत पती वारले. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि दुसऱ्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या.

तेथे त्यांचे मन वळले ते तत्त्वचर्चेने नव्हे. वाँटेज येथील भगिनीसंघाचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक आश्रयगृह होते. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे प्रेमाने शुश्रूषा चाले. हे दृश्य रमाबाईंना नवे होते. अशा स्त्रियांविषयी शास्त्रांत दंड त्यांनी वाचला होता, दया वाचली नव्हती. या दयेचे मूळ कोठे आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांस ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची कथा सांगण्यात आली. आधी फळ पाहिले, मग मुळाची चौकशी केली. बुद्धीचे समाधान गोऱ्ह्यांच्या लेखनाने झाले असे त्यांनी मान्य केले आहे. परंतु त्यांचे पहिले पाऊल पडले ते त्या आश्रयगृहात. १८८३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे कथा संपली असती तर रमाबाई इतक्या मोठ्या ठरल्या नसत्या. बाप्तिस्म्यानंतर त्यांचा खरा वाद सुरू झाला, आणि तो चर्चशी. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीस पटेना. चर्चने सांगितले म्हणून मानावयाचे, हे त्यांच्या मनास मानवेना. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन त्यांस नम्रता शिकवू पाहत; ईश्वराने मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी दिली आहे, असे रमाबाईंचे त्यावरील उत्तराचे सार. क्रुसावरील लेख लॅटिनमध्ये का असावा, संस्कृतात का नको, असेही त्यांनी विचारले. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा दोन बिशपांनी त्यास हरकत घेतली. एक मुंबईचे, दुसरे लाहोरचे. या लाहोरच्या धर्मप्रांतात तेव्हा अवघा पंजाब येई. आज ज्या भूमीवर चंडीगडचे आखीव सेक्टर उभे आहेत ती अंबाल्याकडील शेतेही त्यातच. स्त्रीने पुरुषांस शिकविणे अनुचित, असे म्हणणारे धर्माधिकारी कलकत्त्याच्या पंडितसभेत वाद गाजवून आलेल्या बाईस भेटले! पुण्यातील शास्त्री आणि लाहोरचे बिशप यांच्यात या एका बाबतीत किती थोडे अंतर होते! ग्रंथ बदलला, अधिकार तोच राहिला. रमाबाईंनी मात्र श्रद्धा चर्चकडून घेतली, विवेक गहाण टाकला नाही.

१८८९ च्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. त्यास चार्ल्स ब्रॅडलॉ उपस्थित होते. हे इंग्लंडमधील प्रसिद्ध निरीश्वरवादी. १८८० साली लोकसभेवर निवडून आल्यावर ईश्वराच्या शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या, असे त्यांनी मागितले, आणि त्यापायी १८८६ पर्यंत त्यांस आपल्या जागी सुखाने बसता आले नाही. अखेर १८८८ मध्ये कायदा होऊन ज्यास शपथ नको त्यास प्रतिज्ञेची मोकळीक मिळाली. त्याच अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून पंडिता रमाबाई बसल्या होत्या. ईश्वर नाकारल्याबद्दल छळ सोसलेला एक पुरुष आणि नवा ईश्वर स्वीकारल्याबद्दल छळ सोसणारी एक स्त्री एकाच मंडपाखाली, एकाच देशाच्या हितासाठी. कोणाच्या नीतीचे मूळ कोठे आहे, हे तेथे कोणी कोणास विचारले नाही.

परंतु रमाबाईंच्या वाट्यास याहून अवघड परीक्षा आली, आणि ती आपल्यासारख्या, सार्वजनिक पदावर काम करणाऱ्यांनी नीट पाहण्याजोगी आहे. १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदासदन' काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. पैसा अमेरिकेतून येई, परंतु संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे वचन होते. रानडे, भांडारकर यांसारखे लोक सल्लागार होते. मुलींनी आपापला आचार पाळावा, यास मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. टिळकांच्या 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनी मुलींना काढून नेले.

यात दोष कोणाचा? रमाबाई म्हणत, मी कोणावर सक्ती केली नाही. पण माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना लपून करणार नाही. पालक म्हणत, ज्या कोवळ्या मुलीस जगात दुसरा आधार नाही तिच्यासमोर उघडे असलेले दार हीही एक प्रकारची ओढच आहे. मला वाटते, दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. अधिकाराच्या जागी बसलेल्या माणसाची श्रद्धा केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही. ज्यांचे अन्न, आसरा किंवा बढती त्याच्या हाती असते त्यांच्यावर तिची सावली पडतेच. दुलीपसिंगांच्या बाबतीत जे मोठ्या प्रमाणावर घडले त्याचीच ही सौम्य छटा. परंतु तटस्थता म्हणजे श्रद्धा लपविणे, असा अर्थ केला तर प्रामाणिक माणसांस सार्वजनिक कामातून बाहेरच पडावे लागेल. रमाबाईंनी पुढे केडगावी 'मुक्तिसदन' उभारले आणि ते उघडपणे ख्रिस्ती ठेवले. संदिग्धतेपेक्षा हे अधिक सरळ होते. १८९६-९७ च्या दुष्काळात टाकून दिलेल्या शेकडो मुली त्यांनी उचलून आणल्या. आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलाचे मराठी भाषांतर करीत १९२२ साली त्यांनी देह ठेवला.

त्याच वादळी १८९३ सालातील आणखी एक घटना सांगितल्यावाचून राहवत नाही. शारदासदनात पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून आलेल्या गोदूबाईंचा विवाह त्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत, आणि त्या कॉलेजचे प्राचार्य तेव्हा आगरकर होते. मुरुडच्या लोकांनी कर्व्यांस वाळीत टाकले. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापिली आणि तिच्यातून स्त्रीशिक्षणाचा वटवृक्ष वाढला. ख्रिस्ती बाईने आसरा दिलेली विधवा, निरीश्वरवाद्याच्या कॉलेजातील प्राध्यापक, आणि त्यांच्या संसारातून उभे राहिलेले, कोणत्याही एका पंथाचे नसलेले कार्य! कोणत्या मुळाचे फळ म्हणावे हे?

गोऱ्ह्यांच्या प्रश्नास याने पूर्ण उत्तर मिळाले असे मी म्हणत नाही. नीतीच्या मुळाचा शोध तत्त्वज्ञांनी घेत राहावा. तो शोध थांबला तर नीतीची निव्वळ सवय होऊन बसेल. परंतु एकत्र राहणाऱ्या माणसांनी परस्परांस विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. तुझी निष्ठा कोणावर आहे, यापेक्षा त्या निष्ठेपायी तू काय सोसण्यास तयार आहेस आणि तिचा भार दुसऱ्या कोणावर तर टाकीत नाहीस ना, हे विचारणे अधिक न्याय्य होय. गोऱ्हे, आगरकर आणि रमाबाई हे तिघेही या कसोटीस उतरले, म्हणून परस्परविरोधी असूनही तिघांविषयी आदर वाटतो.

१९४९ च्या ऑक्टोबरात घटनासमितीत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा अशी उपसूचना मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. फेटाळणाऱ्यांत सारेच नास्तिक होते असे नव्हे. सर्वांच्या वतीने एकाची श्रद्धा लिहू नये, असे अनेकांस वाटत होते. मात्र शपथेच्या मसुद्यात त्याच घटनेने ईश्वराचे नावही ठेवले आणि प्रतिज्ञेचा शब्दही ठेवला. राष्ट्राने मौन पाळावे आणि व्यक्तीने आपल्या अंतःकरणास स्मरून बोलावे, अशी ही वाटणी आहे. दोन्ही पर्यायांपुढे येणारा मजकूर मात्र अक्षरशः एकच आहे: घटनेशी निष्ठा आणि कर्तव्याचे प्रामाणिक पालन. वर कोणताही शब्द खोडला तरी खालचे ओझे तितकेच राहते.